लाल शाईखालचा परिच्छेद

इंग्रजीचा उतारा न समजताही त्याखालच्या प्रश्नांची उत्तरं बरोबर लिहिता येतात, हे मी चाळीस वर्षं शिकवत आले. त्याची मला लाज वाटली नाही, उलट मी ते मिरवलं. आधी प्रश्न वाचा. प्रश्नातला मोठा शब्द हेरा. तो उताऱ्यात कुठे आहे ते शोधा. सापडला की ते वाक्य उचला, प्रश्नाच्या मापाचं करा आणि मोकळे व्हा. उतारा मधमाश्यांचा असो, बुडालेल्या जहाजाचा असो, नाहीतर कुणा म्हातारीचा असो, आपल्याला काय करायचंय? घराच्या पुढच्या खोलीत भरणाऱ्या माझ्या शिकवणीच्या वर्गातल्या अगदी ढ पोरीही उताऱ्यावर आठपैकी सहा गुण काढायच्या, आणि त्यांच्या आया मला रस्त्यात थांबवून हात जोडायच्या.

लेखनाच्या प्रश्नाचंही तेच. पत्राचे साचे, निबंधाचे साचे, सगळे मी स्वतः बांधलेले. पाठ करायचे आणि उतरवायचे. तपासताना मी आधी तीसच्या तीस वह्यांचा पत्ता आणि तारीख बघायची, मग मायना, मग शेवट, मग शब्द मोजायची. मजकूर वाचायची गरजच पडत नसे, तो माझाच असायचा.

आणि खोडायची माझी एक पद्धत होती. चूक पुन्हा डोळ्यांपुढे आली की हाताला तिची सवय लागते, असं माझं मत. म्हणून मी खोडायची ती अशी, की लिहिणाऱ्यालाही खाली काय होतं ते कळू नये. उभ्या रेघा, आडव्या रेघा, वरून तिरक्या. जे चूक नाही पण विचारलेलंही नाही, ते त्याच पद्धतीने खोडून मी समासात लिहायची, प्र. बा. म्हणजे प्रश्नाच्या बाहेर. पोरं पाठीमागे मला 'लाल शाई' म्हणतात. मला ठाऊक आहे.

"वन्सं, तुम्ही वाचता कधी?" वहिनी एकदा मला म्हणाल्या होत्या. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेल्यापासून या घरात आम्ही दोघीच. "मी तर तुम्हाला नुसतं तपासतानाच बघते."

"वाचायला वेळ असतो कुणाला?" मी म्हटलं होतं, आणि पुढची वही ओढली होती.

समोरच मास्तरांचं दुकान आहे. शिंपी म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणतात. एकाच गल्लीत मास्तर ते आणि शिकवते मी, हा आमच्याकडचा जुना विनोद. माणूस काटकुळा, गळ्यात टेप, कानामागे पेन्सिल, आणि बोलणं असं की कापडासारखं शब्दही वाया जाऊ नयेत. अर्ध्या गावाचे शाळेचे गणवेश त्यांनी शिवलेत. त्यांची बायको गेली तेव्हा मुलगी आठ वर्षांची होती. शाळा सुटली की ती दुकानात येऊन डब्यातली बटणं रंगाप्रमाणे लावत बसायची, म्हणून तिचं नावच बटण पडलं. नववी-दहावीला ती माझ्याकडे होती. इंग्रजीत शाळेत पहिली आली. मग कॉलेज, मग शिष्यवृत्ती, मग लांबच्या देशात नोकरी, तिथलाच नवरा, आणि एक मुलगी. 'बटण माझी विद्यार्थिनी' हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला इतकं ऐकवलंय की ते वाक्य वहिनींना तोंडपाठ आहे.

दोन वर्षांपूर्वी बटण तिकडेच आजारी पडली आणि सहा आठवड्यांत गेली. मास्तरांना जाताही आलं नाही. त्यांची कागदपत्रं तयार होईपर्यंत सगळं आटोपलं होतं. बातमी आली त्या दिवशी त्यांनी दुकान उघडलं, मशीनवर बसले आणि संध्याकाळपर्यंत एकच शिवण घालत राहिले. मी खिडकीतून बघत होते. जाऊन दोन शब्द बोलावेत एवढंही मला सुचलं नाही.

त्यांची नात तेव्हा सात वर्षांची होती. तिला इंग्रजीच येतं. जावई भला माणूस, पण त्याची भाषाही निराळी. फोनवर आजोबा आणि नात "हॅलो", "हॅलो" म्हणायचे आणि मग दोन्हीकडे नुसता श्वास ऐकू यायचा.

गेल्या वर्षी एका दुपारी मास्तर माझ्या दारात उभे राहिले.

"बाई, मला बसवून घ्याल?"

"कुठे?"

"वर्गात. इंग्रजीच्या."

मी हसलेच. "मास्तर, या वयात बोर्डाची परीक्षा देताय की काय?"

त्यांनी खिशातून एक पाकीट काढलं. नातीचं पहिलं पत्र. मोठ्या, गोल अक्षरात सहा ओळी, त्यातले तीन प्रश्न. आई लहानपणी खोडकर होती का? तिला कशाची भीती वाटायची? ती माझ्यासारखी दिसायची का?

"गणवेशाचं माप द्यायला आलेल्या पोरीकडून वाचून घेतलं," ते म्हणाले. "पण तिच्या तोंडून ऐकलं की ते तिचंच वाटतं हो. मला माझं वाचायचंय. आणि उत्तर मीच लिहिणार."

"बटणला मीच शिकवलं," मी म्हटलं. "तुम्हालाही शिकवीन. उद्या पाचला या."

ते मागच्या बाकावर, नववीच्या मुलींच्या मागे बसू लागले. गुडघे बाकात मावत नव्हते. पोरी आधी फिदीफिदी हसल्या. मग एकीची बाही उसवली होती ती त्यांनी वर्ग सुरू व्हायच्या आत टाचून दिली, आणि हसणं थांबलं. मुळाक्षरांपासून सुरुवात केली, पण माणूस चिकाटीचा. आठ महिन्यांत लहान उतारे वाचू लागले. फक्त एक खोड होती. ते उतारा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचे.

"आधी प्रश्न, मास्तर," मी ओरडायची. "प्रश्न!"

"हो हो," म्हणायचे, आणि पुन्हा पहिल्या ओळीवर बोट. एकदा उतारा एका म्हातारीचा होता. ती रोज स्टेशनवर जाऊन मुलाची वाट बघते. पाच प्रश्न, पाच उत्तरं, पोरी वह्या मिटून निघाल्या. मास्तर तसेच बसलेले.

"बाई, मग त्या म्हातारीचा मुलगा आला का?"

"ते उताऱ्यात आहे का?"

"नाही."

"प्रश्नात आहे का?"

"नाही."

"मग सोडा की."

त्यांनी वही मिटली, पण जाताना पायरीवर थांबून म्हणाले, "यायला हवा होता." मी ते वहिनींना नक्कल करून दाखवलं आणि आम्ही दोघी हसलो.

शेवटी नातीला उत्तर लिहायचा दिवस आला. तोवर जावयामार्फत 'आजोबा शिकतायत, लिहिणार आहेत' एवढा निरोप तिला गेला होता. मास्तरांनी तीन दिवस खपून एक पान लिहून आणलं. इंग्रजी पार मोडकं होतं. आपल्या भाषेत सांगायचं तर साधारण असं. तुझी आई खडू खायची. कापडावर खुणा करायचा निळा खडू. जीभ निळी. मी ओरडलो तर म्हणाली, मी नाही, जिभेने खाल्ला. दुकानात बिनमुंडक्याचा पुतळा आहे, सदरा घालून ठेवतो तो. तिला त्याची भीती. म्हणून त्याला टोपी घातली. टोपी गळ्यावर राहीना. मग टोपीला बटणं शिवली, डोळे म्हणून. मग भीती गेली. तू दिसते तिच्यासारखी, पण कान माझे. सॉरी.

मी पान घेतलं, लाल पेनाचं टोपण काढलं.

"मास्तर, हे काय? खडू काय, पुतळा काय? मेलेल्या आईबद्दल पोरीला कुणी असं लिहितं?"

"पण तिनं विचारलंय, खोडकर होती का."

"विचारलंय ना? मग 'होय, ती थोडी खोडकर पण गुणी होती.' एक वाक्य. संपलं." आणि मी खोडत गेले. खडू गेला, जीभ गेली, पुतळा, टोपी, बटणं, कान. समासात प्र. बा., प्र. बा. त्यांचे डोळे माझ्या पेनामागे एकेका ओळीवरून चालले होते. मला ते दिसत होतं आणि मला वाटलं, शिकतायत.

मग मी त्यांना माझा 'माझी आई' निबंध सांगितला, भूतकाळात फिरवून. ती पहाटे उठत असे. ती हुशार, आज्ञाधारक आणि सर्वांची लाडकी होती. तिचं हसू हा आमच्या घराचा दिवा होता. हे शेवटचं वाक्य माझं स्वतःचं, शिकवायला लागले त्या पहिल्या वर्षी सुचलेलं. कुठल्याही गाइडात नाही. परीक्षक त्याखाली हमखास रेघ मारतात.

"पण ती आज्ञाधारक नव्हती, बाई," मास्तर म्हणाले.

"पत्रात असू दे."

त्यांनी सुवाच्य अक्षरात उतरवून काढलं. एकही चूक नाही. मीच पाकिटावर पत्ता घातला.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं, दोनच ओळींचं. पत्राबद्दल आभार. आणि एक प्रश्न. ते दिव्याचं वाक्य तुम्ही स्वतः लिहिलंत का?

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! सातासमुद्रापलीकडच्या, इंग्रजीत जन्मलेल्या पोरीला माझं वाक्य भावलं. वहिनींना दोनदा वाचून दाखवलं.

"लिहा, हो, मी स्वतः, मनापासून लिहिलं," मी मास्तरांना सांगितलं.

"पण ते तुमचं आहे."

"हाताने कुणी लिहिलं? तुम्ही. मग तुमचंच."

त्यांनी पेन उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. मग लिहिलं. मी बाजूला उभी होते. पेन त्यांचं होतं, पण ते खोटं माझं होतं. त्या दिवशी मात्र मी मजेत होते.

त्यानंतर दोन महिने काही आलं नाही. टपालवाला गल्लीत शिरला की समोरची मशीन थांबायची, तो पुढे गेला की पुन्हा सुरू व्हायची. मास्तर वर्गाला यायचे, प्रश्न आधी वाचायचे, आता कुठे त्यांना ते जमायला लागलं होतं.

मग एका सकाळी, वर्गाची वेळ नसताना, ते आले. हातात पत्र. "मी वाचलं," म्हणाले. "सगळं वाचलं. कुणाची मदत नाही घेतली." आणि ते पत्र माझ्यापुढे ठेवून खुर्चीत बसले. मला वाटलं शाबासकी हवी आहे.

सवयीने मी आधी प्रश्न शोधला. तो अगदी खाली होता. या लाल रंगाखाली काय लिहिलं आहे? त्याच्यापुढे एक चित्र काढलं होतं. वेड्यावाकड्या रेघा, एक काना, एक टिंब, परत एक आकार, परत टिंब. मी पान तिरकं धरलं. मग वहिनी माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाल्या, "हे तर प्र. बा. आहे, वन्सं. तुमचं."

मग मी पहिल्या ओळीपासून वाचलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच म्हणा ना.

पत्र असं होतं. "आजोबा, तुम्ही म्हणालात ते वाक्य तुम्ही स्वतः लिहिलं. पण माझ्याकडे आईची शाळेतली इंग्रजीची वही आहे. ती खोक्यात असते. बाबा रविवारीच काढू देतात, कारण पानं सुटायला आलीत. आईच्या अक्षरातलं तेवढंच आहे, म्हणून मी सगळी वही पाठ केली आहे. दिव्याचं वाक्य चौदाव्या पानावर आहे. पहाटे उठणं पण आहे. तिथे आईने ते तिच्या आईबद्दल लिहिलं आहे आणि बाजूला लाल बरोबरची खूण आहे. तुम्ही ते कुठून तरी उतरवलंत. ते माझ्याकडे आधीच आहे. मला वाटलं होतं, तुमच्याकडे दुसरं असेल. तुम्ही आईला विसरला असाल तर तसं सांगा, मी रागावणार नाही. मी पण थोडी थोडी विसरत चालले आहे. तेराव्या पानावर वर 'माझी आई' असं लिहून खाली एक परिच्छेद आहे. त्याच्यावर इतका लाल रंग आहे की कागद फाटला आहे. मी खिडकीला धरून बघितलं, बाबांनी दिव्याला धरून बघितलं. काही दिसत नाही. बाजूला हे चित्र आहे. तुम्हाला माहीत असेल तर तेवढंच लिहा. माहीत नसेल तर आता पत्र नाही लिहिलं तरी चालेल."

मी पत्र खाली ठेवलं. वहिनी आत निघून गेल्या.

"बाई," मास्तर म्हणाले, "काय लिहिलं होतं तिनं?"

मला तो दिवस आठवतो. अगदी लख्ख आठवतो. नववीचा वर्ग, तिसरा बाक, दोन वेण्या. 'माझी आई' निबंध घरून लिहून आणायला सांगितला होता, साचा द्यायच्या आधी, नुसती चाचणी म्हणून. वह्या परत देताना बटणने हात वर करून विचारलं होतं, "बाई, माझं सगळंच का खोडलंत?" आणि मी म्हटलं होतं, "आई वारली हे परीक्षकाला कशाला सांगायचं? परीक्षेत सगळ्यांच्या आया जिवंत असतात." वर्ग हसला होता. मीही हसले होते. बटणने मान खाली घालून साचा उतरवून घेतला आणि पुढच्या खेपेला दहापैकी नऊ गुण मिळवले. एवढं मला आठवतं. म्हणजे आई वारल्याचं त्यात कुठेतरी होतं, एवढं मी पाहिलं असणार. बाकी मी वाचलंच नव्हतं. तीस वह्या होत्या.

"नाही आठवत," मी म्हटलं.

मास्तर टेपचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत राहिले. मग म्हणाले, "तिची आई गेली त्यानंतर बटण माझ्यापाशी तिच्याबद्दल कधी बोललीच नाही. एक अक्षर नाही. मी पण विचारलं नाही. म्हटलं, पोर लहान आहे, विसरली असेल, आपण कशाला खपली काढा." त्यांनी टेप गळ्यातून काढून मांडीवर ठेवला. "विसरली नव्हती तर. तुम्हाला सांगितलं होतं तिनं."

मला रडू कोसळलं. मी पोरांच्या चुकांवर चिडून रडलेली आहे, पण हे तसलं नव्हतं. त्या माणसाची बायको तेवढ्या एका परिच्छेदात होती, आणि तिची आठवण ठेवणारी आठ वर्षांची पोरही त्यातच होती. आता तिकडे एक नऊ वर्षांची पोर तो कागद खिडकीला धरून उभी होती. आणि मी तिघांवरही रेघा ओढल्या होत्या. उभ्या, आडव्या, वरून तिरक्या.

"आपण काहीतरी लिहू," मी नाक पुसत म्हटलं. "साधंसं. आई तिच्या वेण्या घालायची, गोष्टी सांगायची, असंच काहीतरी असणार ना? पोरीला बरं वाटेल."

"नको." एवढंच. उठताना ते म्हणाले, "आमच्याकडे चुकलं की उसवतात, बाई. दोरा ओढून काढायचा. कापड तसंच राहतं." ते टोमणा म्हणून बोलले नव्हते. खरंच त्यांना तेवढंच सांगायचं होतं, त्यामुळे ते जास्त लागलं.

ते आठवडाभर वर्गाला आले नाहीत. पाचला पोरी मागच्या बाकाकडे बघायच्या आणि मी फळ्याकडे.

आठव्या दिवशी आले ते कापड बेतायच्या तपकिरी कागदावर दोन्ही बाजूंनी लिहून. मी सवयीने हात पुढे केला.

"पेन खाली ठेवा आधी," मास्तर म्हणाले.

मी ठेवलं. त्यांनी कागद माझ्या हातात दिला. स्पेलिंगचा पत्ता नाही, वाक्याला शेंडा ना बुडखा. खडू होता, निळी जीभ होती, पुतळ्याची टोपी होती. नवं होतं ते हे. मी खोटं बोललो, वाक्य माझं नाही. मला लिहिता येत नाही म्हणून दुसऱ्याचं लिहिलं. तुझी आई मी विसरलो नाही. लाल रंगाखाली काय, मला माहीत नाही. तुझ्या आईनं मला सांगितलं नाही. मी विचारलं नाही. तू मला विचारतेस, ते चांगलं करतेस. तुझी आजी, म्हणजे तिची आई, मशीनवर पाय माझ्यापेक्षा जोरात मारायची आणि हसली की सुई तुटायची. तीन सुया तुटल्या. मला एवढं माहीत आहे.

चुका मोजल्या नाहीत. मी सगळं वाचलं आणि सगळं समजलं.

"त्या पाकिटात माझाही एक कागद घालाल?" मी विचारलं. "ते लाल मी केलंय. तिला तुम्ही का म्हणून सांगायचं?"

त्यांनी होकाराची मान डोलावली. मी तिथेच बसून लिहिलं. पत्ता नाही, तारीख नाही, मायना काय घालावा तेही कळेना. मी तुझ्या आईची बाई. तो लाल रंग माझा आहे. त्या चित्राचा अर्थ 'हे विचारलेलं नाही' असा होतो. तुझ्या आईने जे लिहिलं ते मी न वाचता खोडलं. तिने का खोडलं म्हणून विचारलं तेव्हा मी हसले. तिने काय लिहिलं होतं ते मला आठवत नाही. खूप प्रयत्न केला. ते दिव्याचं वाक्य माझं होतं, आजोबांना मी खोटं लिहायला लावलं. त्यांच्यावर राग धरू नकोस.

पाकीट गेलं. मास्तर परत वर्गाला आले, पण वही मला दाखवायचं त्यांनी बंद केलं. मागच्या बाकावर बसून उतारे वाचायचे, पहिल्या ओळीपासून. मीही कधी म्हटलं नाही की आधी प्रश्न.

पाच आठवड्यांनी मशीन मध्येच थांबली आणि मास्तर रस्ता ओलांडून जवळजवळ पळतच आले. पाकिटात एक फोटो होता. दोन वेण्या, मास्तरांचे कान, आणि बाहेर काढलेली निळीशार जीभ. मागे लिहिलं होतं. "मी पण खाल्ला. शी! आईने किती खाल्ला होता? टोपीला किती बटणं होती? पुतळा अजून आहे का? आजीच्या सुयांचं अजून सांगा. तुमच्या चुका मला कळतात, पण ठीक आहे."

मास्तर हसत होते आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. वहिनींनी त्यांना पाणी आणून दिलं. मी त्यांना असं हसताना बटण गेल्यापासून पाहिलं नव्हतं. पुतळ्याचा फोटो काढून पाठवायचं ठरलं, टोपी शोधायचं ठरलं. बटणं पाच होती की सहा यावर ते एकटेच वाद घालत बसले.

जायला निघाले तेव्हा म्हणाले, "खाली तुमच्यासाठी पण आहे, बाई. मी वाचलं, पण ते तुमचं आहे."

तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती. "बाईंना सांगा, आठवलं तर लिहा. घाई नाही. वही मी नीट ठेवली आहे."

तेव्हापासून मी मजकूर वाचते. तीस वह्यांना चार दिवस लागतात, पोरींच्या आया कुरकुरतात की बाई आता हळू झाल्या. साचे मी देते, परीक्षा आहे तर द्यावेच लागतात. पण आधी त्यांचं त्यांना लिहू देते आणि त्याला पेन लावत नाही. एकीने परवा लिहिलं होतं की तिचे बाबा घरी बोलत नाहीत. मी तिला थांबवून घेतलं आणि आम्ही थोडा वेळ नुसत्या बसलो.

आणि रोज दुपारी, वर्ग भरायच्या आधी, मी तिसऱ्या बाकासमोर खुर्ची घेऊन बसते. डोळे मिटते. दोन वेण्या दिसतात. वहीचं पान दिसतं, वर 'माझी आई', खाली बारा-तेरा ओळी, तिरकं सुंदर अक्षर. पहिला शब्द आता येईल असं वाटतं, आणि माझाच हात पेन घेऊन मध्ये येतो.

घाई नाही, असं ती म्हणते. ती दहा वर्षांची होईल आता, तिला नसेल. मी एकोणसत्तर वर्षांची आहे.